आदिवासींचे कॅसिनो आणि कल्याणचे पेन्शनर

(कल्याण येथील निवृत्त कामगार व कर्मचाऱ्यांच्या एका मंडळाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे शब्दांकन.)



कल्याणचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचले ते दुर्गाडीच्या किल्ल्यामुळे नव्हे, आणि १८६४ पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयामुळे तर नव्हेच. ते पोचले आकड्यांच्या तक्त्यांवरून. ज्या माणसाला कल्याण जंक्शन नकाशावर दाखवता येणार नाही, त्यालाही ‘कल्याण’चा उघडता आणि बंद आकडा ठाऊक असे. गंमत अशी, की या नावाशी या शहराचा काही संबंध नाही. वरळीत किराणा मालाचे दुकान चालवणारे कच्छी गृहस्थ कल्याणजी भगत यांनी १९६२ साली हा धंदा उभा केला आणि त्यांच्या नावावरून तो ‘कल्याण’ झाला. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा मटका काढला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईस येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर आकडा लागत असे. तो भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची युक्ती निघाली. गिरणीत दिवसभर कापसाचे सूत काढणारा कामगार संध्याकाळी त्याच कापसाच्या सातासमुद्रापलीकडच्या भावावर चार आणे लावत होता. कापूस पिकवणाऱ्याशीही त्याची ओळख नव्हती आणि भाव ठरवणाऱ्याशीही नव्हती. जुगाराचे अर्थशास्त्र समजून घेण्यास एवढे एकच चित्र पुरे आहे.

आजचा विषय मात्र अमेरिकेतील आदिवासींच्या कॅसिनोंचा आहे. निवृत्तांच्या सभेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर फार साधे आहे. या कॅसिनोंच्या दारात सकाळी ज्या बसगाड्या येऊन थांबतात, त्यांतून उतरणाऱ्यांत निवृत्त मंडळींचा भरणा मोठा असतो. तिकडच्या ज्येष्ठांच्या मंडळांच्या सहली निघतात. बसभाड्यात सवलत, दुपारच्या जेवणाचे कूपन आणि हाती यंत्रावर खेळण्यासाठी थोडे फुकट डॉलर, असा थाट असतो. फुकट दिलेले डॉलर खेळून संपले की पेन्शनचे डॉलर सुरू होतात. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. या ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांच्या जमिनींवर, पाण्यावर आणि जंगलावर शहरे पोसली गेली आहेत. ‘मागास भागाचा विकास’ या नावाखाली कॅसिनोची कल्पना महाराष्ट्रातही अधूनमधून डोके वर काढीत आली आहे. तेव्हा अमेरिकेत नेमके काय घडले, हे जाणून न घेता हो किंवा नाही म्हणणे योग्य नव्हे.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ‘रेड इंडियन’ म्हणण्याची आपल्याकडील जुनी सवय आता सोडून द्यावयास हवी. कोलंबसाची दिशाभूल आपण कशासाठी जपावी? या जमातींशी अमेरिकन सरकारने तह केले होते. तह दोन राष्ट्रांत होतात आणि तेथूनच या जमातींच्या सार्वभौमत्वाची कल्पना निघाली. व्यवहारात तह पायदळी तुडवले गेले. १८८७ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने डॉज कायदा केला. जमातीच्या सामाईक जमिनीचे कुटुंबागणिक तुकडे पाडावयाचे आणि उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांना द्यावयाची, असा त्याचा आशय. १८८७ मध्ये जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली हे धोरण थांबले तेव्हा ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. आदिवासीला ‘स्वतंत्र मालक’ बनवण्याच्या नावाखाली त्याची दोन-तृतीयांश जमीन गेली. योगायोग असा, की त्याच १८८७ साली मुंबई सरकारने आपला जुगारप्रतिबंधक कायदा केला. तो पुढे महाराष्ट्रात चालू राहिला. एक सरकार जमीन काढून घेत होते, दुसरे फाशांवर बंदी घालीत होते, आणि दोघांच्याही तोंडी रयतेच्या हिताची भाषा होती.

उरलेल्या राखीव प्रदेशांत शेतीला जमीन निकृष्ट, उद्योगाला भांडवल नाही, आणि जमातीची जमीन सरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्यामुळे ती तारण ठेवून कर्जही मिळत नसे. अशा स्थितीत १९७९ साली फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने आपल्या प्रदेशात मोठ्या बक्षिसांचा बिंगो सुरू केला. तेथील शेरीफने अटकेची धमकी दिली. जमात कोर्टात गेली आणि १९८१ मध्ये जिंकली. रेगन यांच्या कारकिर्दीत जमातींसाठीच्या केंद्रीय निधीला कात्री लागली, तेव्हा इतर जमातीही या वाटेने निघाल्या. कॅलिफोर्नियात इंडिओ शहराजवळ कॅबॅझॉन नावाची अगदी लहानशी, सुमारे पंचवीस सदस्यांची जमात आहे. तिच्या पत्त्यांच्या खेळावर पोलिसांनी धाड घातली. हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे डॉज कायद्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जमातीच्या बाजूने निकाल दिला.

त्या निकालातील युक्तिवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियाचे सरकार स्वतः लॉटरी चालवते आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावू देते. म्हणजे जुगार हा त्या राज्याच्या दृष्टीने गुन्हा नसून नियमनाचा विषय आहे. मग केवळ आदिवासींनी तो चालवला म्हणून तो गुन्हा कसा ठरेल? महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, हे येथे आठवावे. ज्या दशकात मटकेवाल्यांवर धाडी पडत होत्या, त्याच दशकात सरकारी तिकिटे नाक्यानाक्यावर टांगली गेली. आकडा सरकारचा असला की तो सार्वजनिक महसूल, आणि इतरांचा असला की समाजविघातक कृत्य! कॅबॅझॉनच्या निकालाने या दुटप्पीपणावर बोट ठेवले, एवढे श्रेय त्यास द्यावयास हवे.

निकालानंतर राज्य सरकारे आणि नेवाडातील जुगारसम्राट अस्वस्थ झाले. त्यातून १९८८ च्या ऑक्टोबरात आदिवासींच्या जुगाराच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. हा कायदा विजयही होता आणि लगामही. त्याने खेळांचे तीन वर्ग केले. जमातींचे पारंपरिक खेळ त्यांच्याच अखत्यारीत राहिले. बिंगोवर जमात आणि केंद्रीय आयोग यांचे नियंत्रण आले. खरा पैसा असलेल्या खेळांसाठी, म्हणजे यंत्रे, रूले आणि पत्त्यांची टेबले यांसाठी, जमातीने राज्य सरकारशी करार करणे बंधनकारक झाले. ज्या राज्यांचा आदिवासी प्रदेशावर अधिकार नव्हता, त्यांना या दाराने आत घेतले गेले. तथापि त्याच कायद्यातील एक तरतूद आपल्याकडील कोणत्याही ‘विकास’ योजनेत शोधून सापडणार नाही. कॅसिनोची मालकी जमातीच्या सरकारचीच असली पाहिजे आणि निव्वळ उत्पन्न पाचच कामांसाठी खर्च झाले पाहिजे : जमातीचा कारभार, सदस्यांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय आणि शेजारच्या स्थानिक संस्थांना साह्य. बाहेरची कंपनी व्यवस्थापनासाठी आणली, तर तिचा मोबदला सामान्यतः निव्वळ उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपुरता आणि करार पाच वर्षांपुरता. विशेष परिस्थितीत ४० टक्के आणि सात वर्षे. म्हणजे भांडवलदाराला दारातून आत घेतले, पण त्याची खुर्ची कोठे असेल हे कायद्याने लिहून ठेवले.

आज अमेरिकेत सुमारे अडीचशे जमाती हा धंदा करतात आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यांचे एकूण उत्पन्न ४१.९ अब्ज डॉलर होते. हा आकडा ऐकून एखाद्याला वाटेल, की प्रश्न सुटला. परंतु या रकमेचा मोठा भाग मोठ्या शहरांजवळच्या मूठभर कॅसिनोंकडे जातो. ज्या जमातीला गोऱ्यांनी सर्वांत दूरच्या माळावर हाकलले, तिच्याकडे आज गिऱ्हाईकही येत नाही. साउथ डाकोटातील पाइन रिज येथे ओग्लाला सू जमातीचा कॅसिनो आहे, पण दारिद्र्य हटलेले नाही. उलट कनेक्टिकटमधील माशांटुकेट पीक्वॉट जमातीची कथा पाहा. १६३७ मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी या जमातीची भयंकर कत्तल केली होती. १९७० च्या सुमारास राखीव भूमीवर एका वृद्ध स्त्रीचे घर तेवढे टिकून होते. १९८३ मध्ये जमातीला केंद्रीय मान्यता मिळाली, १९८६ मध्ये बिंगो आला, आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्क व बॉस्टन या दोन महानगरांच्या मध्ये फॉक्सवूड्स हा प्रचंड कॅसिनो उभा राहिला. अमेरिकन बँकांनी हात आखडले, तेव्हा भांडवल मलेशियातील एका जुगार उद्योगाच्या घराण्याकडून आले. यंत्रांच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा राज्य सरकारला आणि त्या बदल्यात राज्यात यंत्रे चालवण्याचा एकाधिकार, असा सौदा झाला. सदस्यांना घरबसल्या मोठ्या रकमा मिळू लागल्या. पुढे मंदी आली, शेजारी स्पर्धक आले, आणि २००९ मध्ये दोन अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाची परतफेड थकली. सदस्यांना मिळणाऱ्या वाटपावरही संक्रांत आली.

या कथेचा उपयोग काही मंडळी ‘आदिवासींना पैसा पचत नाही’ असे म्हणण्यासाठी करतात. त्यांना नॉर्थ कॅरोलिनातील चेरोकींचे उदाहरण ऐकवावे. तेथे ड्यूक विद्यापीठाचे संशोधक आदिवासी आणि इतर मुलांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास करीत होते. तो चालू असताना नव्वदच्या दशकात कॅसिनो निघाला आणि त्याच्या नफ्याचा एक हिस्सा जमातीच्या प्रत्येक सदस्याला मिळू लागला. संशोधकांना अनायासे एक प्रयोगच हाती लागला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्या कुटुंबांचे उत्पन्न या पैशाने दारिद्र्यरेषेवर गेले, त्यांच्या मुलांतील उद्दामपणा, भांडखोरी यांसारखी लक्षणे गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत खाली आली. आईबापांना मुलांकडे लक्ष द्यावयास सवड मिळाली, हे त्याचे एक कारण दिसून आले. गरिबांच्या ‘स्वभावदोषां’विषयी प्रवचने देणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा. येथे गुण कॅसिनोचा नव्हता. अटी न घालता, दरवर्षी, हक्काने मिळणाऱ्या पैशाचा होता. तोच पैसा खाणीतून, वीजप्रकल्पातून किंवा साध्या सरकारी पेन्शनमधून आला असता, तरी त्याने वेगळे काम केले असते असे मानण्यास आधार नाही.

तरीही हा पैसा कोणाच्या खिशातून आला, हा प्रश्न उरतोच, आणि समाजवादी माणसाला तो टाळता येत नाही. अमेरिकन रूलेच्या चाकावर ३८ घरे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला, तर ३,५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. ३८ फेऱ्या खेळल्या, प्रत्येक घर एकदा आले असे धरले, तर ३,८०० रुपये लावून ३,६०० हाती येतात. २०० रुपये घरमालकाचे. यात फसवणूक नाही, यंत्रात खोट नाही, हा केवळ हिशेब आहे, आणि खेळ जितका लांबेल तितका तो पक्का होत जातो. एकाला नऊ देणारा जुना मटकेवाला शंभरातले दहा ठेवीत असे. कॅसिनो शंभरातले पाच-सव्वापाच ठेवतो, पण मटक्याचा आकडा दिवसातून मोजक्या वेळी निघे आणि यंत्राचे बटण मिनिटाला अनेक वेळा दाबले जाते. हे पैसे बसमधून उतरलेल्या पेन्शनरचे, सुट्टीवर आलेल्या कामगाराचे आणि पुष्कळदा शेजारच्या गरिबाचे असतात. एका वंचिताची भरपाई दुसऱ्या वंचिताकडून वसूल होते आणि ज्यांनी मूळ जमीन घेतली त्यांच्या वारसांना त्याची झळ लागत नाही. अमेरिकन व्यवस्थेची हुशारी या ठिकाणी आहे. दुर्दैवाने तिकडील पुरोगाम्यांनीही यावर पुरेसे बोललेले दिसत नाही.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. येथील वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी या जमातींच्या जीवनात जुगारापेक्षा दारूने अधिक अनर्थ केला असे आपण म्हणतो. परंतु सरकारने त्या दारूचे काय केले, हे क्वचितच सांगितले जाते. मोहाच्या फुलांची घरगुती दारू हा आदिवासींच्या सणावाराचा भाग होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ती गुन्हा ठरली आणि मक्तेदाराची दारू कायदेशीर झाली. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा आला. झाड दारात, फूल अंगणात पडणार, आणि ते साठवले तर शिपाई दारात उभा. भट्टीचा नफा मक्तेदाराला, महसूल सरकारला, कर्ज आदिवासीला. व्यसन आणि महसूल यांची सांगड घालण्यात भारतातील राज्यकर्ते अमेरिकनांच्या शंभर वर्षे पुढे होते. फरक एवढाच, की येथे त्या धंद्याची मालकी आदिवासीकडे कधीच आली नाही.

मालकीचा हा प्रश्न जिल्ह्यात कोणी मांडला, हे कल्याणकरांना सांगावयास नको. १९४५ च्या जानेवारीत येथून जवळच टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास वारल्यांची एक लहान तुकडी आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा उभा राहिला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हा वारली त्यात धारातीर्थी पडला. सत्तरच्या दशकात पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. या चळवळींत पक्षापक्षांचे मतभेद होते आणि त्यांवर पुष्कळ शाई खर्चही झाली. पण जमीन परत मिळाली पाहिजे, यावर मतभेद नव्हता. १९७४ मध्ये महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. जमीन महसूल संहितेनेही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन इतरांकडे जाण्यास मनाई केली. तथापि मुरबाड-शहापूरच्या रस्त्याने गेले असता, डोंगरपायथ्याला फार्महाऊसच्या कुंपणांची रांग संपत नाही. कुंपणाच्या आत राखणदार म्हणून राहणारा माणूस पुष्कळदा त्याच शिवारातला असतो.

शहापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतो. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच भागातील. तेथील पाड्यांवर मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. अमेरिकेच्या कायद्याचे सूत्र येथे लावले असते, तर पाण्याच्या प्रत्येक घागरीमागे काही हिस्सा पाड्याच्या कारभाराला मिळाला असता. आदिवासीच्या हाती उत्पन्नाचे साधन हवे असेल, तर ते शोधण्यासाठी कॅसिनोपर्यंत जाण्याची गरज नाही. ते पाइपातून वाहत कल्याणच्या पुढे निघून जाते.

मग येथे कॅसिनो आला असता तर काय झाले असते? त्यासाठी कल्पनाशक्ती ताणावयास नको, गोवा जवळ आहे. १९७६ च्या तेथील जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा मिळाली. १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांना वाट मोकळी झाली आणि मांडवीच्या पात्रात दिव्यांच्या बोटी नांगरल्या गेल्या. नदी गोमंतकीयांची, बोटी कंपन्यांच्या. तेथील सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोमंतकीयांना कॅसिनोत जाण्यास मनाई केली. म्हणजे ही वस्तू घातक आहे, हे विक्रेत्यालाच मान्य आहे, फक्त ती शेजाऱ्याच्या मुलाला विकावयाची आहे. तो शेजारी बव्हंशी महाराष्ट्रातला आहे, हे कल्याणहून गोव्याच्या सहलींना जाणाऱ्यांस ठाऊक असेल.

महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा करून ठेवला होता. तो अंमलात कधी आलाच नाही. सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर झोपून राहिला आणि पर्यटन, रोजगार, महसूल अशा नावांनी त्याला जागे करण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. अखेर २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. हा निर्णय योग्य होता. सत्ताधाऱ्यांशी इतर शंभर बाबतींत मतभेद असले, तरी हे म्हणण्यास संकोच नसावा.

पण कॅसिनो दारातून गेला आणि खिशातून आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. निवृत्तांच्या मंडळांत चहाच्या पैजेवर चालणाऱ्या डावांना या निकालाचा आधार मिळाला, ते ठीकच झाले. चार चेहरे समोर असतात, हरणाऱ्याची थट्टा होते आणि दिवेलागणीला डाव मोडतो. त्याच निकालाची ढाल पुढे करून फोनवरील रमीच्या कंपन्या उभ्या राहिल्या. तेथे चेहरा नाही, थट्टा नाही, दिवेलागण नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच खेळांवर २८ टक्के कर घेण्यात आला होता, हे विसरू नये. मटक्याचा इतिहास पाहता, बंदीने धंदा बुडेल की भूमिगत होईल, याविषयी फार आशावादी राहणेही बरोबर नाही.

निवृत्त माणूस खेळाकडे का वळतो, हा या सभेपुढचा खरा प्रश्न आहे. एक कारण एकाकीपणाचे आहे, आणि अशी मंडळे त्यावर जमेल तेवढा इलाज करीत आहेत. दुसरे कारण उघड आर्थिक आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. एवढ्या पैशात कल्याणमध्ये औषधांचा खर्चही निघत नाही. मोहन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि तेथील कामगारांना आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. ज्याचे आयुष्यभराचे हक्काचे पैसे असे अडकून पडतात, त्याला हजाराचे दहा हजार होण्याचे स्वप्न कोणी दाखवले तर तो मूर्ख म्हणून फसत नाही. सरळ मार्ग बंद दिसतो म्हणून फसतो. सेमिनोलांनी बिंगो काढला तोही सरळ मार्ग बंद होते म्हणूनच. धर्मराजाने द्यूतात भाऊ आणि पत्नी पणाला लावली, कारण त्यांवर आपली मालकी आहे असे तो समजत होता. पेन्शनर तर स्वतःचेच पैसे लावतो. त्याला उपदेश करण्याआधी पेन्शनची रक्कम पाहावी.

शेवटी एका जमातीविषयी सांगावयाचे राहिले. अमेरिकेतील नवाहो ही सर्वांत मोठ्या जमातींपैकी एक. दारिद्र्य भरपूर, बेकारी भरपूर, आणि आजूबाजूच्या जमातींच्या कॅसिनोंचे दिवे डोळ्यांसमोर. १९९४ मध्ये हा प्रश्न त्यांच्या लोकांपुढे मतदानाला आला आणि त्यांनी नकार दिला. १९९७ मध्ये पुन्हा आला, पुन्हा नकार दिला. पुढे त्यांच्या परिषदेने मार्ग मोकळा केला आणि २००८ मध्ये गॅलप शहराजवळ त्यांचा पहिला कॅसिनो उघडला. त्यांचा पहिला निर्णय बरोबर की शेवटचा, याचा वाद त्यांच्यात अजून मिटला नसेल. पण तीनही वेळा तो वाद त्यांचा होता आणि निर्णयही त्यांचाच होता. आपल्याकडे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवरील नियंत्रण, जमिनीचे हस्तांतरण रोखणे, सावकारीवर लगाम आणि गौण वनोपजाची मालकी हे अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. मंडळातील ज्या सभासदांनी आयुष्यभर रेल्वेत, कचेरीत, कारखान्यात कागद हाताळले, त्यांना सातबारा वाचता येतो, फेरफार तपासता येतो, अर्ज लिहिता येतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कार्यकर्त्यांची नड आहे ती नेमकी याच कामासाठी. येत्या ग्रामसभांच्या तारखा तालुक्याच्या पंचायत समितीत मिळतील आणि कसाऱ्याची पहिली गाडी कल्याणहून पहाटेच सुटते.